पोरींनी लाथ मारली तर काय बिघडतं?

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या तालुक्याच्या गावात एखादी अकरावीतली मुलगी घरी म्हणाली, "मला मुए थाई शिकायचंय," तर पुढच्या दहा मिनिटांत काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. आधी हे काय असतं ते विचारतील. मोबाइलवर एखादा सामना दाखवला की आई म्हणेल, "मायबाई! पोरीच्या जातीनं लाथा मारायच्या काय?" आजी विचारेल, ओटीपोटात लागलं तर? वडील म्हणतील, नाक मोडलं तर उद्या पाहुण्यांना काय सांगायचं? आणि काका शेवटचा प्रश्न टाकतील : याचा नोकरीला काही उपयोग आहे का?

यातला एकही प्रश्न मूर्खपणाचा नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकते : घरच्यांची काळजी खरी असते, फक्त ती चुकीच्या जागी असते. ओटीपोटाची चिंता करतात, डोक्याची करत नाहीत. लग्नाचा विचार करतात, हिमोग्लोबिनचा करत नाहीत. ही काळजी योग्य जागी नेऊन ठेवणं एवढंच या प्रकरणाचं काम.

१. हा खेळ आहे तरी काय?

मुए थाई हा थायलंडचा राष्ट्रीय म्हणावा असा लढतीचा खेळ. बॉक्सिंगमध्ये मारायला दोन मुठी. इथे दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे आणि दोन नडग्या, अशी आठ हत्यारं. म्हणून याला 'आठ अंगांची कला' म्हणतात.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याकडच्या लोकांना लवकर कळते. बॉक्सिंगमध्ये दोघं एकमेकांना बिलगले की पंच सोडवतात. मुए थाईत सोडवत नाहीत. उभ्याउभ्या प्रतिस्पर्ध्याची मान दोन्ही हातांनी धरायची, तिचा तोल घालवायचा, गुडघा मारायचा, जमलं तर खाली लोळवायचं. याला क्लिंच म्हणतात. कुस्ती किंवा कबड्डी खेळलेल्या मुली इथे पहिल्याच महिन्यात पुढे निघतात, कारण धरपकडीत अंग कसं सोडायचं आणि कुठे ताठ करायचं हे त्यांच्या अंगात आधीच मुरलेलं असतं.

पारंपरिक सामना तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांचा, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. हौशी स्पर्धांत फेऱ्या तीनच. लढतीआधी दोघंही रिंगमध्ये 'वाय ख्रू राम मुए' करतात : गुरूला आणि आईवडिलांना नमस्कार करत, सनई, ढोल आणि झांजांच्या संगीतावर केलेला संथ नाच. डोक्यावर मोंगखोन नावाची गुंफलेली पट्टी असते. लढत सुरू होण्याआधी ती गुरू स्वतःच्या हाताने काढतो. लढत चालू असतानाही वाद्यं वाजतच राहतात आणि फेऱ्या जशा पुढे जातात तशी त्यांची लय चढते.

गुण कसे देतात हे समजलं की या खेळाबद्दलचा एक गैरसमज गळून पडतो. थायलंडमधले पंच किती फटके मारले हे मोजत बसत नाहीत. फटक्याचा परिणाम किती झाला, समोरचीचा तोल गेला का आणि मारणारी स्वतः तोलात राहिली का, हे पाहतात. बरगडीवर खाडकन बसलेली लाथ किंवा क्लिंचमधला गुडघा यांना मोठा मान. हातावर झेललेल्या दहा ठोशांना जवळपास काहीच नाही. पहिल्या दोन फेऱ्या एकमेकींचा अंदाज घेण्यात जातात आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत खरा निकाल लागतो. पाचव्या फेरीत आघाडीवर असलेली खेळाडू अनेकदा नुसती मागे सरकत, पाय नाचवत वेळ काढते आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणजे हा खेळ नुसत्या ताकदीचा नाही, तोल आणि वेळ साधण्याचाही आहे.

इतिहास थोडक्यात. १७६७ साली बर्मी सैन्याने अयुथ्या ही थाई राजधानी पाडली. तिथून पकडून नेलेल्या नाय खानोम तोम नावाच्या मल्लाने १७७४ साली बर्मी राजासमोर एकामागून एक प्रतिस्पर्धी लोळवले, अशी कथा आहे. दंतकथेचा भाग त्यात बराच असावा, पण थायलंडमध्ये १७ मार्च हा दिवस त्याच्या नावाने पाळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हाताला सुती दोर गुंडाळून लढत. मग ग्लोव्ह्ज, ठरावीक फेऱ्या आणि दोऱ्यांचं रिंग आलं. १९९३ साली जागतिक हौशी महासंघ झाला आणि जुलै २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला पूर्ण मान्यता दिली. मान्यता मिळाली याचा अर्थ खेळ ऑलिंपिकमध्ये आला असा नव्हे, पण २०१७ पासून तो 'वर्ल्ड गेम्स'मध्ये आहे.

२. बारीक पोरीत एवढी ताकद येते कुठून?

बाभळीचं लाकूड फोडणारी बाई बघा. ती मनगटाने घाव घालत नाही. पाय रोवते, कंबर वळवते, खांदा सोडते आणि शेवटी कुऱ्हाड आपल्या वजनानेच खाली येते. मुए थाईची गोल किक हुबेहूब तशीच असते. फरक इतकाच, की इथे नडगी हेच पातं.

आता ती किक हळूहळू पाहू. जमिनीवर राहणारा पाय आधी चवड्यावर येतो आणि त्याची टाच पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला फिरते. नवख्या मुली ही टाच फिरवायला विसरतात, मग सगळा पीळ गुडघ्यावर येतो. टाच फिरली की कंबर आपोआप उलटते. ज्या बाजूचा पाय मारतोय त्याच बाजूचा हात खाली मागे झोकला जातो आणि दुसरा हात हनुवटीशी चिकटून राहतो. पाय गुडघ्यातून झटकायचा नाही, तो कंबरेतून आणायचा. लागतो तो नडगीचा खालचा भाग, पाऊल नव्हे, कारण पावलाच्या वरची हाडं बारीक असतात आणि कोपरावर आपटली तर मोडतात. बरोबर बसलेल्या किकचा पॅडवर असा आवाज येतो, की शेजारच्या खोलीतली मुलंही गप्प होतात.

थोडं गणित करू. ढोबळमानाने एका पायाचं वजन शरीराच्या सहाव्या भागाएवढं धरा. ४८ किलोच्या मुलीचा पाय म्हणजे सुमारे ८ किलो. फटक्यातली ऊर्जा काढायची तर वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. पाय सेकंदाला ५ मीटर वेगाने आला तर ऊर्जा १०० ज्यूल. तोच पाय ७ मीटरने आला तर १९६ ज्यूल. वेग दीडपटही झाला नाही, पण ऊर्जा जवळपास दुप्पट झाली. आता ६० किलोची मुलगी घ्या. तिचा पाय १० किलोचा, पण वेग ५ मीटरच. तिची ऊर्जा १२५ ज्यूल. प्रत्यक्षात सगळा पाय एकाच वेगाने फिरत नाही, तेव्हा हे आकडे काटेकोर नाहीत, पण हिशेबाचा कल खरा आहे. वेग तंत्रातून येतो आणि तंत्र शिकता येतं.

म्हणून वजन गौण ठरतं असं मात्र नाही. दोघींचं तंत्र सारखं असेल तर जड मुलगीच भारी पडणार. म्हणून तर स्पर्धेत ४८, ५१, ५४, ५७ किलो असे गट असतात. 'तंत्र असलं की कुणालाही पाडता येतं' असं सांगणारा क्लास जाहिरात करतोय असं समजा.

३. नडगीवर बाटली फिरवायची का?

अजिबात नाही. लाटणं किंवा काचेची बाटली नडगीवर रगडून ती 'दगडासारखी' करण्याचे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्याने हाड मजबूत होत नाही, वरची त्वचा आणि नसा मात्र दुखावतात.

हाड जिवंत असतं. त्यावर जसा भार येतो तसं ते स्वतःला पुन्हा बांधतं, हे ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलं. बॅगवर आणि पॅडवर नेमाने, हळूहळू वाढवत लाथा मारल्या की नडगीच्या हाडावर थोडा थोडा भार येतो आणि ते घट्ट होतं. सोबत तिथल्या नसांनाही माराची सवय होते. याला महिने नव्हे, वर्षं लागतात. मुलींसाठी यात एक आडवळणाचा फायदा आहे. हाडांची जास्तीत जास्त भरणी तिशीच्या आत होते. किशोरवयात उड्या, धावणं, लाथा असे हाडावर भार टाकणारे व्यायाम केलेल्या बाईच्या हाडांची शिल्लक पाळी थांबल्यानंतरच्या काळात कामी येते. आजीची कंबर का वाकली हे विचारणाऱ्या घरात ही गोष्ट पटायला हरकत नाही.

पण हाडाच्या या बांधणीसाठी दोन गोष्टी लागतात, पुरेसं अन्न आणि नियमित पाळी. त्याकडे पुढे येऊच.

४. आजीचा प्रश्न

गर्भाशय. गरोदर नसलेल्या स्त्रीचं गर्भाशय मुठीएवढं असतं आणि कटीच्या हाडांच्या आत खोल बसलेलं असतं. पुढून जघनास्थीचा आडोसा असतो. पोटावर लाथ बसली तर दुखतं ते स्नायूंना आणि बरगड्यांना. मार थेट उघड्यावर बसतो तो खरं तर पुरुषांच्या अवयवांवर, म्हणून त्यांना खालचं कवच सक्तीचं असतं आणि बायकांनाही वेगळ्या घडणीचं कवच मिळतं. गरोदरपणात मात्र लढतीचा सराव पूर्ण बंद. साधारण १२ आठवड्यांनंतर गर्भाशय कटीच्या हाडांच्या वर येतं आणि तो आडोसा संपतो.

छाती. मार बसला तर काळंनिळं होतं, गाठीसारखं सुजतं आणि काही आठवड्यांत उतरतं. अशा मारामुळे कर्करोग होतो याला आधार नाही. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा हवी. ग्लोव्ह्ज घेण्याआधी ती घ्या.

पाळी. त्या दिवसांत सराव करता येतो. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी करू नये, एवढाच नियम. बऱ्याच जणींना हलका व्यायाम केल्यावर पोटातली कळ कमी वाटते.

आणि एक प्रश्न जो आई मोठ्याने विचारत नाही : पाय एवढा वर नेला तर 'ते' फाटणार नाही ना? कौमार्यपटल लवचिक असतं, प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि सायकल चालवण्याने किंवा झाडावर चढण्यानेही ते ताणलं जाऊ शकतं. त्यावरून मुलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. डॉक्टरही ते पाहून काही सांगू शकत नाहीत. मालेगावच्या मुली शाळेला सायकलने जातात तेव्हा हा प्रश्न कुणी काढत नाही, मग लाथ मारतानाच का काढायचा?

५. काळजी करायचीच असेल तर

डोकं. या खेळाचा खरा धोका डोक्यावरच्या माराचा आहे, बेशुद्ध पाडणाऱ्याही आणि रोजच्या छोट्या छोट्याही. स्त्रियांची मान सरासरीने बारीक आणि कमी ताकदीची असते, त्यामुळे सारख्याच धक्क्याने डोकं जास्त हलतं. मुली आणि मुलगे दोघंही ज्या खेळांत उतरतात, त्यांत मेंदूला हादरा बसल्याच्या तक्रारी मुलींकडून जास्त येतात आणि त्यांना बरं व्हायलाही अनेकदा जास्त दिवस लागतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये बँकॉकजवळ एका लढतीत १३ वर्षांचा मुलगा डोक्यावर मार बसून दगावला आणि थायलंडमध्ये लहान मुलांच्या लढतींवर मोठा वाद उठला.

म्हणून नियम साधे. किशोरवयात डोक्यावर मारण्याचा सराव करू नये. बॅग, पॅड, क्लिंच, तंत्र हे सगळं करावं, आणि सराव-लढतीत फक्त अंगावर हलके फटके. सराव-लढतीला मोठे, साधारण १६ औंसांचे, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमचे ग्लोव्ह्ज. मार लागल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, आठवण गडबडली तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपला, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय पुन्हा लढत नाही. "काही नाही सर, मी ठीक आहे" हे वाक्य ऐकून सोडून देणारा प्रशिक्षक नको.

रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे क्लासला येणाऱ्या दर दोन मुलींमध्ये एक अशी निघण्याची शक्यता आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. अशी मुलगी पॅडवर दोन फेऱ्यांत धापा टाकते आणि सर म्हणतात, 'स्टॅमिना नाही.' स्टॅमिना असतो, रक्तात लोह नसतं. ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते, ती करून मग सुरुवात करावी. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. वरणावर लिंबू पिळलं तर उलट मदत होते.

जेवण. रोज कसून सराव करणाऱ्या ५० किलोच्या मुलीला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. ती घरातच निघतात का ते पाहू : ५० ग्रॅम सोयावडीतून साधारण २६, दोन अंड्यांतून १२, ज्वारीच्या दोन भाकरींतून १२, तुरीच्या वरणाच्या वाटीतून ७, मूठभर शेंगदाण्यांतून ७, पेलाभर दुधातून ८. बेरीज ७२. सोयाबीन पिकवणाऱ्या जिल्ह्यात सगळं सोयाबीन पोत्यात भरून बाजार समितीत जातं आणि पोरीसाठी प्रोटीन पावडरचा डबा अकोल्याहून येतो, हे मला कायम विचित्र वाटत आलं आहे.

मुलगी सराव वाढवते आणि जेवण तेवढंच ठेवते तेव्हा शरीर आधी काय बंद करतं? पाळी. याला खेळातली ऊर्जेची तूट म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडं विरळ होऊ लागतात. म्हणजे नडगी घट्ट करायला निघालेल्या मुलीची नडगीच ठिसूळ होते. तीन महिने पाळी आली नाही तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नये, डॉक्टरांकडे जावं.

वजन उतरवणं. ५४ किलोच्या मुलीला ५१ च्या गटात बसवायचं ठरलं की आठवडाभरात ३ किलो, म्हणजे तिच्या वजनाचा साडेपाच टक्के भाग, उतरवायचा. तो प्रामुख्याने पाणी तोडूनच उतरतो. दोन टक्के पाणी कमी झालं तरी दम आणि लक्ष दोन्ही ढासळतात. पाळीच्या आधी अनेकींच्या अंगात पाणी साठून वजन किलोभर वाढतं, तेव्हा तारीख जुळली तर ही ओढाताण आणखी वाढते. डोक्यावर मार बसणाऱ्या खेळात सुकलेल्या अंगाने रिंगमध्ये उतरणं हा वेडेपणा आहे. शालेय वयाच्या मुलीने तिच्या खऱ्या वजनाच्या गटातच खेळावं.

गुडघा. टाच फिरवायला विसरणाऱ्या मुली आठवतात ना? वळण्या-उडी मारण्याच्या खेळांत गुडघ्याच्या आतला मुख्य बंध तुटण्याचं प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त आहे. उठाबशा, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, ही कंटाळवाणी तयारी टाळून चालत नाही.

६. खालच्या दोरीखालून

शरीराचं सांगून झालं. पण थायलंडमध्ये बायकांना अडवलं ते शरीराच्या नावाने नव्हे.

बँकॉकची दोन मोठी मैदानं, राजदामनेर्न १९४५ सालचं आणि लष्कराच्या ताब्यातलं लुम्पिनी १९५६ सालचं. दोन्हीकडे बाईने रिंगमध्ये उतरणं तर सोडाच, रिंगला हात लावणंही वर्ज्य होतं. रिंग मंत्रून पवित्र केलेलं, खाली ताईत पुरलेले, लढणाऱ्याच्या दंडावर संरक्षणाची पट्टी. पाळी येणाऱ्या बाईच्या स्पर्शाने या सगळ्याचा प्रभाव उतरतो, अशी समजूत. थायलंडच्या खेड्यांत, देवळांच्या जत्रांत मुली लढत होत्याच. मोठ्या मैदानाचं दार तेवढं बंद होतं. आजही बऱ्याच ठिकाणी पुरुष वरच्या दोरीवरून उडी मारून रिंगमध्ये जातात आणि बाईने मात्र खालच्या दोरीखालून सरपटत जायचं असतं.

आपल्याला यात काही नवल वाटायचं कारण नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना पाय ठेवता आला तो एप्रिल २०१६ मध्ये, तोही मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर.

हा नियम ताकदीचा नव्हता, याचा पुरावा लुम्पिनीतच आहे. १९९८ साली परिन्या चारोएनफोल हा सोळा वर्षांचा मुलगा ओठांना लिपस्टिक लावून त्या रिंगमध्ये उतरला आणि जिंकला. 'नोंग तूम' या नावाने तो देशभर गाजला. १९९९ मध्ये शस्त्रक्रिया करून परिन्या स्त्री झाली आणि त्याच नियमाने ते रिंग तिच्यासाठी परकं झालं. लढणारं माणूस तेच, लढण्याची कला तीच.

बदल आला तो वेगळ्याच वाटेने. मार्च २०२० मध्ये लुम्पिनीतल्या एका सामन्यातून कोरोना पसरला, मैदान दीर्घकाळ बंद राहिलं आणि लष्कराने कारभारच नव्याने मांडायला घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दारं उघडली तेव्हा सानेजान आणि बुआकाव या दोन महिला लुम्पिनीच्या रिंगमध्ये लढल्या आणि सानेजान जिंकली. मैदान सुरू झाल्यापासून ६५ वर्षांनी.

आपली कुस्ती याच्या पुढे होती असं समजू नका. १९५० च्या दशकात हमीदा बानू ही पहिलवान पुरुषांना आव्हान देत मुंबई राज्यात फिरत होती. १९५४ मध्ये तिने बडोद्यात बाबा पहिलवानाला दीड मिनिटाच्या आसपास चीत केलं. पुण्यात मात्र तिची ठरलेली कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ ला सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि गदा प्रतीक्षा बागडीने उचलली. म्हणजे ६२ वर्षांचं अंतर. थायलंडचं ६५, आपलं ६२.

७. कुस्तीगीर रितू आणि लाथाळ स्टॅम्प

भारतीय वाचकाला या खेळाशी जोडलेली एक लढत माहीत असायला हवी. रितू फोगाट, हरयाणातल्या बलाली गावची कुस्तीगीर, २०१६ ची राष्ट्रकुल कुस्ती विजेती. तिने कुस्ती सोडून सिंगापुरात मिश्र मार्शल आर्ट्स धरलं. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्याच एका स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती. स्टॅम्पने आधी किकबॉक्सिंग आणि मुए थाई दोन्हींची जागतिक विजेतेपदं मिळवलेली होती. सगळ्यांचा अंदाज होता, की उभ्याने स्टॅम्प भारी आणि जमिनीवर रितू. रितूने ठरल्याप्रमाणे तिला खाली घेतलं. आणि दुसऱ्या फेरीत जमिनीवरूनच स्टॅम्पने रितूचा हात कोपरात अडकवून लढत जिंकली. २०२३ मध्ये तिने तिसऱ्या प्रकारातलंही जागतिक विजेतेपद घेतलं.

तीन प्रकारांत विजेती होणाऱ्या या मुलीने मुए थाईवर समाधान मानलं नाही, जमिनीवरची लढत मुळापासून शिकली. एका खेळात तयार झालेल्या शरीराला दुसरा खेळ परका राहत नाही.

८. रस्त्यावर उपयोग होतो का?

थोडा होतो, जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. रिंगमध्ये समोर एकच जण असतो, त्याच वजनाचा, ग्लोव्ह्ज घातलेला, आणि पंच मध्ये उभा. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. तिथे पहिला उपाय म्हणजे पळणं, ओरडणं आणि ११२ ला फोन. मुए थाईने मिळतं ते वेगळंच : माणूस अंगावर आला तर थिजून न जाणं, अंतर ओळखणं, पावलाने ढकलून जागा करणं, फटका बसला तरी श्वास चालू ठेवणं. नाक मोडेल म्हणून घाबरणाऱ्या वडिलांना सांगावं, की रोजचा सराव नाक मोडण्याचा नसतो, तो हात नाकासमोर ठेवण्याचा असतो.

९. मालेगावात शिकायचं तर

मोठं शहर नाही, म्हणून निवड कमी. वाशीम-अकोला रस्त्यावरच्या गावात कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंगचे क्लास निघतात. अमरावतीत, त्याच विभागात, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आहे. तिच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. शारीरिक शिक्षणाचं बाळकडू घ्यायला तिथले माजी विद्यार्थी शोधावेत, ते विदर्भातल्या शाळाशाळांत आहेत. मुए थाई शिकवणारा जवळ नसेल तर आधी कुस्ती किंवा बॉक्सिंग धरावं. मान, कंबर आणि पाय तयार झाले की पुढे लाथ शिकणं सोपं जातं. हाताला साडेचार मीटरची पट्टी नीट गुंडाळायला शिकावं : अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग बोटांच्या खाचांतून आणि शेवटी सांध्यांवर गादी. ही पट्टी नीट बांधता न येणारी मुलगी महिनाभरात मनगट धरून बसते.

काकांच्या नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर : महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक खेळांना आणि ठरावीक पातळीच्या स्पर्धांनाच. एकेका खेळाला दोन-तीन संघटना आपलीच खरी म्हणून प्रमाणपत्रं वाटत असतात. प्रवेश फी भरण्याआधी वाशीमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : हा खेळ यंदाच्या यादीत आहे का, कोणत्या संघटनेचं प्रमाणपत्र धरतात आणि कोणत्या पातळीपासून. उत्तर लेखी मागावं.

क्लासला आईने स्वतः एकदा पूर्ण तास बसून पाहावं. क्लिंचमध्ये अंगाला अंग लागतं, त्यामुळे मुलींचा सराव मुलींशीच व्हावा, दार उघडं असावं आणि सरांचा हात पॅडवर असावा. वर्गात एकच मुलगी असेल तर तिने मैत्रिणीला बरोबर घेऊन जावं. आणि पहिल्याच महिन्यात पोरीला डोक्यावर मार खायला उभं करणारा, किंवा आठवड्यात तीन किलो उतरवायला सांगणारा प्रशिक्षक मिळाला, तर भरलेली फी गेली असं समजा आणि क्लास बदला.